मातीखाऊ

मुर्तजाभाईंनी पिशवीला रबर लावत सांगितलं,
'भिया, ये मिट्टी खाते हैं. गिट्टी हटा देना.'
सियागंजातून रिक्षाने घरी येईस्तोवर
मांडीवर सहा जीव, अंगठ्याएवढे.
मूळ कुठल्याशा ब्राझीलच्या नदीचं,
जन्म कोलकात्याच्या सिमेंटच्या टाकीतला.
आम्ही तरी कुठले?
वाईजवळचं ते गाव मी नकाशातच पाहिलंय.

निळी-गुलाबी खडी काढली.
वाळू आणली मंडलेश्वराहून.
एकतीस वर्षं माती-परीक्षण प्रयोगशाळेत काढलेला माणूस मी,
चिमूटभर काचेवर घेतली, आम्लाचा थेंब सोडला:
फसफसली.
चुना.
दुसरी वाळू, तिसरी. चौथी गप्प राहिली.
ती सतरा बादल्या धुतली गच्चीवर,
नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, नेमकं त्या दिवशी.
वैजयंती म्हणाली,
'आज वाळूची आंघोळ. माणसांची परवा.'

दोन दिवस ते कोपऱ्यात, फिकट.
तिसऱ्या दिवशी एक जण खाली आला
आणि तोंड खुपसलं वाळूत, थेट डोळ्यांपर्यंत.
घास घेतला. थांबला. घोळवला.
मग कल्ल्यांमधून दोन्ही बाजूंनी
बारीक धार सुटली वाळूची,
गिरणीच्या पट्ट्याखाली पीठ सांडावं तशी.
पुन्हा घास.
दिवसभर एवढंच.
हजारात एखादा कण त्याचा,
बाकीचं जिथलं तिथे.

माझे आजोबा होळकर संस्थानात मोजणीदार.
म्हणे, ढेकूळ जिभेच्या टोकावर ठेवून सांगायचे:
खारी आहे, इथे केळ लावू नका.
मग थुंकायचे, चूळ भरायचे, पुढच्या शेतात.
मला त्याच उत्तराला सात दिवस लागतात
आणि तीन शिक्के.

टाकीत आधीपासूनची वस्ती आहे:
वरच्या मजल्यावर टेट्रा, सतत लगबगीत,
काचेला चिकटलेला प्लेको, भाडं थकलेल्या माणसासारखा,
तळाशी मिशाळ कोरीडोरा.
मातीखाऊंनी वैजयंतीची रोपं उपटली, तिने पुन्हा खोचली,
त्यांनी पुन्हा उपटली.
भांडण झालंच तर समोरासमोर कल्ले फुगवतात,
एकमेकांना नीट बघून घेतात, आणि निघून जातात.
आमच्या सोसायटीची बैठक
इतक्यात कधी आटपलेली नाही.

चैत्रात फरशीच्या तुकड्यावर अंडी दिसली.
तिसऱ्या दिवशी नाहीशी.
मला वाटलं, खाल्ली.
मग मादीचा गळा पाहिला, फुगलेला,
आणि समोर पडलेला दाणा तिने पाहून न पाहिल्यासारखा केला.
नर जवळ आला. तोंडाला तोंड.
पाळी बदलली.

आठवड्याने पिल्लं बाहेर येऊ लागली,
तळाजवळ धुरकट ढग, ढगाला डोळे.
भिंतीपलीकडे स्वयंपाकघर.
चैत्रगौरीचं हळदीकुंकू संध्याकाळी,
भिजलेली हरभऱ्याची डाळ, किसलेली कैरी.
वैजयंतीने मिक्सर लावला
आणि ढग आत गेला.
एका घासात सगळा. तोंड बंद.

मी ओरडलो असेन. ती हात पुसत आली,
गुडघ्यावर बसली काचेपाशी.
'गिळली?'
'नाही. धरलीत.'
'किती?'
'मोजणार कशी? तोंड मिटलंय.'
'आ कर' म्हणायची दोघांचीही छाती होईना.
म्हटलं असतं, तरी आत विश्वबिश्व नसतं निघालं,
टाचणीच्या डोक्याएवढे चाळीसेक जण,
अंधारात, भुकेल्या आईच्या दातांमागे.

ती उठली. मिक्सरची वायर काढली,
माळ्यावरून खलबत्ता उतरवायला लावला मला,
तोही आवाज करतो म्हणून
गच्चीवर नेला, जुन्या चादरीच्या घडीवर ठेवून कांडली डाळ,
तास गेला, बायका येऊन बसल्या तरी ती वरच.

आंबेडाळ जाडसर झाली त्या वर्षी.
कुणीतरी विचारलंच, 'मिक्सर बिघडला का हो?'
'हो,' म्हणाली वैजयंती.
तोंडात घास होता तिच्या.